धारांच्या वेळी मतदान

लिंड प्रेरी, मिनेसोटा
२४ फेब्रुवारी

ती. लव्हर्नमावशीस,

सा. न. साष्टांगच घालणार होतो, पण परवा गाईने बरगडीत लाथ घातली, तेव्हा उभ्याउभ्याच समजून घे. बाबांचा खांदा अजून वर जात नाही. कोठीच्या शिडीवरून पडल्यापासून सगळा गोठा माझ्याच गळ्यात आहे.

काल संध्याकाळी शाळेच्या जिममध्ये पक्षाची कॉकसची सभा झाली. एवढी गर्दी मी तिथे बास्केटबॉलच्या फायनललाही पाहिली नव्हती. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाने कोणाला उभं करायचं, सिनेटर हॅलोरन की गव्हर्नर व्हिटकम, एवढाच प्रश्न. दुधाचा भाव घसरल्यापासून आपल्या गावात हॅलोरनशिवाय दुसरं नाव कोणी घेत नाही. चिठ्ठीवर नाव लिहायचं आणि आइस्क्रीमच्या रिकाम्या बादलीत टाकायचं. हॅलोरनच्या चिठ्ठ्यांचा ढीग झाला, व्हिटकमच्या एका मुठीत मावल्या. बाहेर बर्फ पडत होतं, पहाटे सगळ्यांनाच धारा होत्या. लोकांनी टोप्या चढवल्या, एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या आणि आपापल्या घरी गेले.

मी थांबलो. का थांबलो ते तू ओळखलं असशीलच, तरी सांगतो. मार्गित नीगार्ड कॉफीचे कप गोळा करत होती. गर्दी ओसरल्यावर तिचे वडील म्हणाले, चला, आता कामाचं बघू. मला वाटलं, खुर्च्या आवरायच्या असतील. तर काम म्हणजे जिल्हा अधिवेशनासाठी गावाचे सहा प्रतिनिधी निवडायचे. चिठ्ठ्या म्हणजे नुसता कौल. पुढे जाऊन खरा हात वर करतात ते हे सहा, आणि त्यांनी कौलाप्रमाणेच वागावं असं कुठेही लिहिलेलं नाही. उरलेल्यांत मी सोडून सगळे व्हिटकमवाले. पाच नावं भराभर भरली. सहाव्याला माणूसच मिळेना, तेव्हा मार्गित म्हणाली, याला घ्या की, हा नुसताच बसलाय. असा मी लोकप्रतिनिधी झालो.

आज पेंडीच्या दुकानात हे सांगितलं तर माणसं पेटलीच. आपल्या पलीकडचे ऑर्व्हिल टेश, सत्तरी उलटली तरी रोज गोठ्यात असतात, त्यांनी मला विचारलं, एल्डन, आमची मतं गेली कुठं? मी म्हटलं, बादलीतच राहिली. म्हणाले, मग त्या बादलीलाच राष्ट्राध्यक्ष करा. कोणी हसलं नाही. मग टेश म्हणाले, आता आमचा म्हणून तूच एक आहेस, आमचं मत तेवढं नेऊन पोचव. मावशी, मी त्यांना शब्द दिलाय.

लोभ आहेच, थोडा वाढवलास तर परत पाठवणार नाही.

तुझा,
एल्डन


डुलुथ
२ मार्च

चि. एल्डनास,

अ. उ. आ., त्यातले निम्मे तुझ्या बरगडीला.

पत्र वाचून हसले आणि मग जरा वाईटही वाटलं. हसले कारण तू प्राध्यापकांशी भांडून कॉलेज सोडलंस (बाबांचा खांदा हे निमित्त, मला शिकवू नकोस), आणि शेवटी सभा संपेपर्यंत बसायला शिकलास ते एका पोरीमुळे. वाईट वाटलं कारण मीही याच पक्षात वीस वर्षं तेच केलं, जे नीगार्डने केलं. शेवटपर्यंत बसायचं, माणसं उठून गेली की नावं भरायची. लोक त्याला चोरी म्हणतात. चोरी नाही रे. दार उघडं होतं, लोक आपणहून गेले. पण पंगत अजून बसायची आहे हे त्यांना कोणी सांगितलं नाही, हेही तितकंच खरं.

आता नुसता तडतडू नकोस. इतर गावांतून कोण प्रतिनिधी निवडून आलेत ते विचार. सगळीकडेच लोक लवकर उठून गेले नसतील. आणि त्या मार्गितला काही सांगू नकोस. तुझ्या तोंडाला झाकण नाही हे आपल्या घराण्यात सर्वांना ठाऊक आहे.

बाबांना विचारल्याचं सांग. आशीर्वाद कमी पडले तर कळव.

तुझी,
लव्हर्नमावशी


लिंड प्रेरी
१४ मार्च

ती. मावशीस,

सा. न., या वेळी खरोखर साष्टांग, कारण तुझा सल्ला सोन्यासारखा निघाला. गोठ्यातल्या फोनवरून मी सगळा जिल्हा पालथा घातला. एका हातात फोन, दुसऱ्या हातात सड पुसायचं फडकं. आपल्या गावात झालं तसं सगळीकडे झालेलं नाही. बाकीच्या गावांतले गवळी शेवटपर्यंत बसले होते. जिल्हा अधिवेशनात आपलीच माणसं जास्त आहेत, मावशी. हात वर झाले की राज्य अधिवेशनाला जाणारे सगळे प्रतिनिधी हॅलोरनचे. टेश तर माझा हात सोडेनात. म्हणाले, कॉलेज सोडलंस ते गावाच्या नशिबानं.

आता दुसरी बातमी. रविवारी मार्गितबरोबर तळ्यावर गेलो होतो, बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसलो. तिने वडिलांची कान झाकणारी टोपी घातली होती, त्यातून फक्त नाक बाहेर. नीगार्डांनी मागच्या वर्षी गाई विकल्या ना, तेव्हापासून तिला संध्याकाळी काय करावं सुचत नाही म्हणाली. पाच वाजले की हात शिवशिवतात. हे ऐकून माझं काय झालं असेल ते तूच बघ. त्या भरात मी तिला म्हटलं, अधिवेशनात तुमचा धुव्वा उडणार आहे, फक्त चारच्या आत आटपा, कारण आमच्या माणसांना धारांना परतायचं असतं, चारनंतर एकही गवळी खुर्चीत सापडायचा नाही. ती एकदम गप्प झाली. दोरी हलत होती, मासा लागला होता, तरी तिचं लक्ष नव्हतं.

मुलगी अशी गप्प होते त्याचा अर्थ काय, मावशी? तू बाई आहेस, तुला कळेल. मला तर कळलाच आहे.

लोभाची आता मला ददात नाही, तरी तुझा असू दे.

तुझा हर्षभरित,
एल्डन


लिंड प्रेरी
२७ मार्च

ती. मावशीस,

सा. न. मी गाढव आहे. पुढचं वाचलं नाहीस तरी चालेल, पण मला लिहायचंच आहे.

काल जिल्हा अधिवेशन झालं. सकाळी बिल्ले वाटले तेव्हाच दिसत होतं, निम्म्याहून जास्त खुर्च्यांत आपली माणसं, सगळ्यांच्या बुटांना शेण. टेशही बिल्ला लावून आले होते. आपल्या गावचा एक व्हिटकमवाला फिरकला नाही, त्याच्या बदली ते बसले. मी इकडून तिकडे नुसता उड्या मारत होतो. दुपारच्या जेवणानंतर मतदान, असं कार्यक्रमात छापलं होतं.

जेवण झालं आणि ठराव सुरू झाले. झेंड्याबद्दल ठराव. पोस्टाच्या वेळांबद्दल ठराव. जेवणाचं हॉटडिश करणाऱ्या बायकांच्या आभाराचा ठराव, त्याला उपसूचना, की बायकांबरोबर भांडी घासणाऱ्यांचेही आभार मानावेत. त्यावर चर्चा. माइकपाशी कोण होतं सांगू? मार्गित. निळा स्वेटर, हातात पक्षाच्या नियमांचं पुस्तक, आवाज एकदम गोड. दर वेळी अध्यक्षांना म्हणे, एक छोटीशी दुरुस्ती सुचवते. मी आधी कौतुकाने बघत होतो. पाऊण वाजता, दोन वाजता, तीन वाजताही. मग टेशांनी घड्याळ पाहिलं, त्यांच्या शेजारच्याने पाहिलं, आणि मावशी, तळ्यावरचं सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं.

चारला पहिली खुर्ची सरकली. मी दारात आडवा उभा राहिलो. हात जोडले, शिव्या दिल्या, एकाची बाही ओढली ती उसवली. ते म्हणाले, एल्डन, गाईला ठराव वाचून दाखवू का, की बाई थांब? त्यांचं तरी काय चुकलं? टेश सर्वांत शेवटी उठले. बिल्ला काढून हातात घेतला आणि तो कोणाला द्यायचा हे न कळून तसेच उभे राहिले. बायकांचे आभार ताबडतोब मंजूर झाले आणि अध्यक्षांनी मतदान पुकारलं.

व्हिटकमवाल्यांची यादी छापील होती, अख्खी त्यांची माणसं. फक्त तळाला पेनने एक नाव वाढवलेलं, एल्डन ब्रॉटन. आवाजी मतदानात यादी मंजूर. म्हणजे ज्यांनी आम्हाला बुडवलं त्यांनीच मला राज्य अधिवेशनाला निवडून दिलं. मी खुर्चीवर चढलो आणि ओरडलो की मला नको तुमची जागा, मी कोणाच्या ताटातलं लोणचं नाही, हा माझा राजीनामा. आणि मीही धारांना निघून आलो.

आज चर्चमध्ये आमच्या बाकावर कोणी बसलं नाही. टेश बाहेर भेटले; तळ्यावर काय बोललो ते मी काल रात्रीच त्यांना सांगितलं होतं. म्हणाले, पोरगी चांगली आहे, पण आमची मतं आहेरात द्यायची नव्हतीस.

लोभ ठेवशील तर उपकार.

एल्डन


डुलुथ
३१ मार्च

चि. एल्डनास,

अ. उ. आ. आणि एक थोबाडीत.

सांगू नकोस म्हटलं होतं, सांगितलंस. ते झालं. पण ओरडून राजीनामा देता येतो हे तुला कोणी शिकवलं? आपल्या पक्षात राजीनामा कागदावर लिहून सही करून अध्यक्षांच्या हातात द्यावा लागतो. खुर्चीवर चढून ओरडणाऱ्यांचे राजीनामे धरायचे म्हटले तर पक्षात कोण उरेल? कागद दिला नाहीस ना? मग तू अजून प्रतिनिधी आहेस.

आता नीट विचार कर. नाव कोणी घातलं, का घातलं, ते त्या पोरीलाच विचार. शोभेसाठी घातलं असेल तर तुझा राग बरोबर. पण जागा खरी आहे. तिथे बसून तू कोणाला मत द्यायचं हे व्हिटकमवाले ठरवू शकत नाहीत. तुझ्या अभिमानासाठी टेशांचं मत घरी ठेवायचं की न्यायचं, हे तुला ठरवायचंय. मी नीगार्डच्या जागी असते तर तू घरी बसावंस म्हणून देव पाण्यात घातले असते, यावरून काय ते ओळख.

तुझी,
लव्हर्नमावशी


लिंड प्रेरी
९ एप्रिल

एल्डन यास,

स. न. वि. वि. यातला सप्रेम हा रीतीचा शब्द आहे, त्यात काही शोधू नकोस.

तू फोन उचलत नाहीस आणि घरी आले तर गोठ्याच्या मागच्या दाराने पळालास, म्हणून लिहितेय. होय, तू तळ्यावर बोललास ते मी बाबांना सांगितलं. होय, दुरुस्त्या मीच सुचवल्या. मला व्हिटकम हवेत, ते खोटं नाही, आणि मी नियमाबाहेर काही केलं नाही. पण गवळ्याला पाच वाजता काय होतं हे मला पुस्तकात वाचून कळलेलं नाही. मी तेच वापरलं. ऑर्व्हिलकाका बिल्ला हातात धरून उभे होते ते पाहिलं आणि मला पुढचं काही ऐकू आलं नाही. बाबांच्या हातातून यादी घेतली आणि तुझं नाव लिहिलं. बाबा अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. त्यांनी मला सांगितलं, आपल्या जिल्ह्यातून हॅलोरनला एकही मत जाऊ नये यासाठी आपण महिनाभर राबलो आणि तू ते फुकट वाटलंस.

शोभेसाठी नव्हतं, कळलं? त्या बादलीतलं एक तरी मत पुढे जावं आणि ते तुझ्यासारख्या कोणाचं न ऐकणाऱ्याने न्यावं, म्हणून होतं. आणि तुझ्यावर मेहेरबानी म्हणूनही नव्हतं. त्याचा विचार वेगळा करता येईल.

राज्य अधिवेशन रॉचेस्टरला आहे, संध्याकाळपर्यंत चालणार. यादीत माझंही नाव आहे, पण मी जाणार नाही. माझ्याऐवजी बदली प्रतिनिधी जाईल, व्हिटकमचं नुकसान नाही. तू गेलास तर तुझ्या गाईंच्या धारा मी काढीन. काळी लाथ मारते ती कुठल्या बाजूने, तेवढं लिहून कळव.

कळावे. लोभाचं नंतर बघू.

मार्गित


रॉचेस्टर
४ जून

ती. मावशीस,

सा. न., गुडघ्यावर कागद ठेवून.

मी आलोय. मार्गितला मी एकाच ओळीचं उत्तर पाठवलं होतं: काळी डावीकडून मारते. टेशांना तिचं पत्र वाचायला दिलं. दोनदा वाचून म्हणाले, या पोरीला आपल्या बाजूला आण, नाहीतर तू तरी तिच्याकडे जा, पण आधी मत देऊन ये. आज पहाटे स्वतःच्या गाडीतून त्यांनीच मला आणून सोडलं. त्यांच्या धारा आज त्यांचा जावई काढतोय, त्याची काळजी त्यांना माझ्यापेक्षा जास्त.

मावशी, हा हॉल म्हणजे काय सांगू. फुगे, बँड, घसे बसलेली माणसं, प्रत्येक जिल्ह्याच्या नावाची उंच पाटी. आमच्या पाटीखाली सगळे व्हिटकमवाले आणि मधोमध मी. नीगार्ड माझ्या शेजारीच बसलेत. मघाशी डब्यातला केक माझ्याकडे सरकवला. हॅलोरन बहुधा हरणार, आकडे तसेच दिसतात. पण कोणीतरी नावानिशी मोजणीची मागणी केली आणि ती मान्य झाली, म्हणजे प्रत्येकाने उभं राहून माइकवर सांगायचं.

सव्वापाचला मला राहवेना. बाहेरच्या फोनवरून गोठ्यात फोन लावला. खूप वेळाने उचलला. मागून यंत्राची धडधड आणि गाईंचं हंबरणं, आणि ती धापा टाकत होती. म्हणाली, काळीने लाथ मारलीच, आणि तू खोटं लिहिलंस, उजवीकडून मारली. मी म्हटलं, माझी डावी म्हणजे तिची उजवी. त्यावर ती इतकी हसली की मला फोन ठेववेना. मग तिने विचारलं, मतदान झालं का? नाही म्हटलं. तर म्हणाली, मग इथे काय करतोयस, जा, खुर्चीत जाऊन बस. आणि फोन आपटला.

मी बसलोय, मावशी. आता आमच्या जिल्ह्याचं नाव पुकारतायत.

एल्डन