बाटलीतला पिवळा रंग

छत्रपती संभाजीनगर
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय गीताआत्यास,

विशाखाचा सप्रेम जय भीम. मामांनाही सांग.

मी इकडे बरी आहे. शहागंजातून तुझ्यासाठी शाल घेतली आहे, तुझ्या अभयबरोबर पाठवते. रंग तुला आवडणार नाही, पण दुकानदाराने तोच माझ्या गळ्यात मारला. माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण आमच्या बाईंनी तिसऱ्यांदा परत केलं. त्यावर आता माझ्या अक्षरांपेक्षा त्यांची लाल शाई जास्त आहे. आईची कंबर थंडी पडली की धरते, तशी धरली आहे.

हे सगळं तुला फोनवर सांगून झालंय, मला माहीत आहे. या महिन्यात तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा मका काढून झाला का, इथवर येऊन ठेवून दिला.

आता अभय समोर बसला आहे आणि सारखं घड्याळ बघतो आहे. त्याने मामांच्या पायाचा फोटो दाखवला. अंगठा काळा पडलाय. सिल्लोडच्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं की साखर फार चढली आहे, उद्याच्या उद्या घाटीच्या सरकारी दवाखान्यात न्या, उशीर झाला तर पाय काढावा लागेल. आणि मामा म्हणतात, कुठं जायचं नाय, विशाखाचं औषध चालू हाय. तू मात्र अभयला म्हणालीस, "तिला लिहून द्यायला सांग. तोंडी बोललेलं मी यांना काय दाखवू?"

म्हणून लिहून देते. ते औषध नाही. माझ्याकडे कसलंच औषध नाही. तो आळंबीचा काढा आजच बंद करा आणि उद्या सकाळी मामांना घाटीत आणा.

इथे थांबता आलं असतं. पण तू म्हणशील, मग विहारात दाखवलंस ते काय होतं?

वर्षावासाच्या समाप्तीला तूच माझं नाव सुचवलंस. सगळ्या वाडीला सांगत सुटलीस की आमची विशाखा प्रयोग करून दाखवणार आहे. तू वारुळावरून काढून, सावलीत वाळवून दिलेल्या आळंबीचाच अर्क मी आणला होता. जांभळ्या द्रावणात थेंब टाकले आणि बघता बघता बाटली पिवळी झाली. मी म्हणाले, आपल्या शरीरात काही मोकाट कण तयार होतात, ते पेशींची नासधूस करतात. हा अर्क त्यांना शांत करतो. जांभळ्याचं पिवळं झालं म्हणजे ते शांत झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी उपरण्याने डोळे पुसले, ते मी पाहिलं.

बोलले त्यात खोटं काही नव्हतं. जे बोलले नाही ते आता सांगते. बाटली म्हणजे शरीर नाही. आळंबी पोटात गेल्यावर तिच्यातलं किती रक्तात पोहोचतं, साखरेचं त्याने काय होतं, यातलं मला काहीही माहीत नाही. रंग झटकन बदलावा म्हणून मी अर्क मुद्दाम दाट करून नेला होता. आणि त्याच आठवड्यात आमच्या प्रयोगशाळेत साध्या कोऱ्या चहाचा निकाल तुझ्या आळंबीपेक्षा सरस आला होता. पण कोऱ्या चहाला कुणी टाळ्या वाजवल्या नसत्या. म्हणून चहाचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या कुणी अंगारा आणून दिला असता तर तू त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं असतंस. आपल्या घरातले अंगारेधुपारे आजोबांनी कधीच बंद केले. तू कुणाचंही ऐकत नाहीस, आधी दाखव म्हणतेस. मी दाखवलं, म्हणून तू मानलंस. तुझं यात काही चुकलं नाही, आत्या, आणि याचंच मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

अभय म्हणतोय, झालं का. अजून झालेलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी दोन दिवस आले होते. पेला घ्यायला फडताळ उघडलं तर मामांच्या साखरेच्या गोळ्या दिसल्या. तीन पट्ट्या, एकीलाही हात लागलेला नव्हता. त्यांनी गोळ्या सोडल्यात हे मला तेव्हाच कळलं. मग तू काढा आणलास. मामांनी तो माझ्यासमोर घेतला, कडू तोंड केलं आणि म्हणाले, "लई गोळ्या खाल्ल्या. आता माझ्या पोरीचं औषध."

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. मी काय विचारलं ते तुला आठवतं का? दिवसातून किती वेळा घेतात, एवढंच विचारलं. तू म्हणालीस, दोनदा, कपभर. मी आतल्या खोलीत गेले आणि ते वहीत लिहून ठेवलं.

अभयला मी सांगितलंय की मला कल्पना नव्हती. तुलाही तेच लिहिणार होते. पण कल्पना होती. मला भीती वाटली किंवा लाज वाटली, असंही नाही. मला वाटलं, कदाचित खरंच उतरेल साखर. उतरली तर माझ्या हाती काहीतरी लागेल, बाईंची लाल शाई थांबेल. मामांचा जीव पणाला लावून मी इकडे वाट बघत बसले. वहीत त्यांचं नावसुद्धा लिहिलं नाही. 'पुरुष, वय ६१' असं लिहिलं. ज्या माणसाच्या सायकलवर बसून मी पाचवी ते दहावी शाळेत गेले, त्याच्याबद्दल.

अभय ही पानं वाटेत वाचेल. वाचू दे.

दोन कामं कर. येत्या रविवारी वंदनेला सगळे जमतील तेव्हा हे पत्र मोठ्याने वाच. चहाचा भाग गाळू नकोस. माझी बाटली बघून वाडीत अजून कुणी गोळ्या सोडल्या असतील तर त्यांना ते ऐकू दे. पुन्हा तिथे मला कुणी बोलायला उभं केलं नाही तरी चालेल.

दुसरं काम उद्याचं. मी सकाळी सातपासून घाटीच्या दारात उभी असेन. डॉक्टर विचारतील, गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून बंद केल्या. मामा मला वाचवायला बघतील, मनानेच बंद केल्या म्हणतील. तू त्यांना तसं म्हणू देऊ नकोस. मी शेजारी उभी असले तरी माझं नाव सांग, आणि केसपेपरवर लिहून घ्यायला लाव.

तुझी भाची,
विशाखा राजेंद्र साळवे
(पूर्ण नाव त्यासाठीच लिहिलं आहे.)