मृगळाच्या काठीचा वारस

मी, दशरथ गुणाजी नेरूरकर, वय ६७, प्राणिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, राहणार मुलुंड पूर्व, मुंबई, कोणाच्याही दडपणाखाली नसताना व बुद्धी शाबूत असताना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचे मी केवळ रिवाज म्हणून लिहीत नाही. मधुमेहाने माझे जे काही शिल्लक ठेवले त्यात तीच एक धड आहे, आणि तीही नसती तर गेला महिना सुखाचा गेला असता. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी माझी मासेमारीची काठी माझे स्नेही डॉ. जॉनी परेरा, दंतवैद्य, राहणार मरोळ, यांच्या नावे ठेवली होती. ती काढून घ्यावी या एकाच हेतूने हा कागद समोर घेतला आहे.

१. मुलुंडची राहती सदनिका व बँकेतील ठेवी पत्नी सौ. सुगंधा हिला मिळाव्यात. तिच्या पश्चात चिरंजीव मधुकर, राहणार बोरिवली, याला. त्याने आईला तिच्या हयातीत तिथून हलवू नये. बोरिवलीची हवा चांगली आहे हा युक्तिवाद मी ऐकलेला असून तो मला मान्य नाही.

२. माझे ग्रंथ आणि गोड्या पाण्यातील माशांच्या तोंडांची मी काढलेली रेखाटने एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयास द्यावीत. माझ्या जागी विभागप्रमुख झालेल्या गृहस्थांस त्यांतील एकही कागद देऊ नये. शिंगाडा माशाच्या मिशा त्यांनी फळ्यावर चुकीच्या काढल्या. मी चूक दाखवली, तेव्हा ते हसले. चुकणे मी सोसले असते.

३. बांबूची काठी, लहान चरखी आणि तंगूस, म्हणजे नायलॉनचा केसासारखा दोरा, ही माझी खरी मिळकत. वडील गिरणीत तुटलेले धागे जोडत. बोटांची जाण मला त्यांच्याकडून आली, आणि डॉक्टरेट मिळाली तरी मी तिलाच मोठी मानली. नदीच्या तळाशी चरणारा मृगळ ओढत नाही. तो आमिष ओठांनी चाचपतो आणि ताणलेला तंगूस क्षणभर सैल पडतो, एवढेच. ते तर्जनीच्या टोकाला कळावे लागते. जाड दोरा आणि काठीला घुंगरू बांधून बसणाऱ्यांना मी मासेमार म्हणत नाही. ते दाराची घंटा वाजण्याची वाट पाहणारे लोक आहेत. म्हणून काठीचा वारस रक्ताने ठरणार नाही. ज्याचा हात सर्वांत हलका, काठी त्याची. मधुकर या कसोटीत बसत नाही. बारा वर्षांचा असताना त्याने एकदा हिसका देऊन तंगूस तोडला आणि वर म्हणाला, "बाबा, बाजारात मिळतो की मासा!" ते मी विसरलेलो नाही.

४. गेल्या पावसाळ्यापासून माझ्या बोटांच्या टोकांना काही कळत नाही. सुईने टोचले तरी नाही. हे मी कोणाला सांगितले नव्हते, पण बदलापूरला उल्हास नदीवर रविवारमागून रविवार हात रिकामे राहिले, आणि जॉनीने ते ओळखले. "घुंगरू लाव ना रे प्रोफेसर," तो म्हणाला, "कोण बघतंय इथे? म्हशी?" परतीच्या वाटेवर मी त्याच्या फियाटमध्ये मागच्या सीटवर बसलो.

गेल्या महिन्यात सुगंधाही आमच्याबरोबर आली. तीस वर्षांत जिने नदीवर पाऊल टाकले नाही, ती त्या दिवशी डबा घेऊन आली, यातच मी काय ते ओळखायला हवे होते. काठी दोन फाट्यांच्या खुंटीवर ठेवलेली होती. तिने काठावरच्या झाडाखालून हाक मारली, "अहो, चहा निवता हा. येवा बघू आधी." मी गेलो. परत येऊन तंगूस बोटावर घेतला, काठी वाकली, आणि मी ओरडलो, "मृगळ! जॉनी, मृगळ आहे! खालचा घास, मला कळला!"

"झकास!" जॉनी म्हणाला. "कोण म्हणतं प्रोफेसर म्हातारा झाला?"

मासा काठावर आला, तो कटला होता. कटलाचे तोंड वर वळलेले असते. त्याचे चरणे पाण्याच्या वरच्या थरात, तळाशी नव्हे. शिवाय गळ ओठातून बाहेरून आत गेलेला होता. घास घेणाऱ्या माशाला तो आतून बाहेर लागतो. परतताना जॉनीच्या फियाटच्या डिकीत पाण्याची बादली आणि पवईच्या तलावाचा त्याच पहाटेचा परवाना दिसला, म्हणजे मासा त्याने तिथे धरून, बादलीत जिवंत ठेवून आणला होता. मी चहा पीत असताना गुडघाभर पाण्यात उतरून त्याने तो माझ्या गळाला लावला. माशांच्या तोंडांवर ज्याने प्रबंध लिहिला त्याला फसवायला या दोघांनी कटला निवडला.

सुगंधा टाळ्या वाजवत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होते. घरी तिने त्याचे झणझणीत कालवण, तिखले, केले. ते मी खाल्ले.

त्यांची दया मी गिळली असती. पण मी मृगळ म्हणून ओरडलो होतो. खालचा घास मला कळला, असे मी माझ्या तोंडाने म्हणालो होतो. कळले काहीच नव्हते. काठी वाकलेली डोळ्यांना दिसली, आणि उरलेले मी रचले. त्या दिवसानंतर मी नदीवर गेलो नाही, जाणारही नाही.

५. माझ्या अस्थी उल्हास नदीत सोडू नयेत. तळाशी चरणाऱ्यांच्या वाट्याला कारखान्यांनी आधीच पुष्कळ पाठवले आहे.

६. काठीविषयी. कलम तीनमधील कसोटी मी तीन वेळा वाचली आणि ती बदलण्यास मला कारण सापडत नाही. जॉनीने वाहत्या पाण्यातून माझा तंगूस उचलला, तडफडता मासा गळाला लावला आणि दोरा पुन्हा सोडला. चहाच्या जागेवरून काठाखालचे पाणी दिसत नव्हते, पण माझी नजर सबंध वेळ काठीच्या टोकावर होती. टोक हलले नाही. इतका हलका हात मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. माझा स्वतःचाही, तो जिवंत होता तेव्हा, इतका हलका नव्हता. सबब काठी, चरखी व तंगूस डॉ. जॉनी परेरा यांनाच मिळावीत. याला कोणी क्षमा समजू नये. जॉनीने माझ्या अंत्यविधीला येऊन विनोद करू नयेत. मला हे सर्व कळले होते, हे सुगंधाला कोणी सांगू नये. तिच्यापुरता तो मृगळच होता.

हा मजकूर मी वाचून पाहिला. त्यात खाडाखोड नाही. सही नेहमीच्या वळणाची नसल्यास शंका घेऊ नये. लेखणी बोटांत आहे की गळून पडली, हे मला आता बघून ठरवावे लागते.

सही: दशरथ गुणाजी नेरूरकर

आमच्या समक्ष सही केली:
१. धाकू सखाराम परुळेकर, शेजारी, मुलुंड पूर्व
२. श्रीमती वनमाला केशव धुरी, निवृत्त मुख्याध्यापिका, भांडुप

स्थळ: मुलुंड, मुंबई
दिनांक: ९ नोव्हेंबर १९८६