न वाळणारं अंगण

पिंपळगाव राजा,
कार्तिक वद्य ५, शके १८६०

चि. शालिग्राम यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी जिवंत आहे. तू नागपूरले ड्रॉइंग मास्तर झाल्यापासून सहा महिन्यांत तुहं एक कार्ड आलं, त्यातली बी निम्मी जागा पत्त्यानं खाल्ली. घरात मी न् भांडी. भांडी जास्त बोलतात.

तुही रंगाची पेटी इथंच राह्यली. फुकट जाईल म्हणून मीच उघडली. तू करत होता तसा मांजरपाट खळ लावून फळीवर ताणला न् मागचं अंगण काढाले घेतलं. चाफा, केळ, अळूचा वाफा. शेजारची रुख्मिणी म्हणे, मावशी, कडबा चांगला रचला. तिले चहा नाही दिला. रंग घट्ट होऊन राह्यला. पातळ कशानं करू ते लिही.

आशीर्वाद आहेतच. कार्डाऐवजी पाकीट घेत जाय.

तुही आजी मनकर्णा

नागपूर, ता. २० नोव्हेंबर १९३८

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. रंगात जवसाच्या तेलाचे दोन-तीन थेंब घाल, पंधरा दिवसांत वाळेल. चाफ्याखाली काळं फासलं असशील तर पूस. सावली काळी नसते. दुपारी नीट बघ आणि काय दिसलं ते कळव.

चित्र वाळलं की पाठवून दे, शाळेत टांगतो. कामाच्या गर्दीत पत्र राहून जातं, रागावू नकोस. रुख्मिणीमावशीला चहा दे.

तुझा, वेळेवर न लिहिणारा,
शालिग्राम

पिंपळगाव राजा,
मार्गशीर्ष शुद्ध ७

चि. शालिग्राम यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

सावली काळीच असते, जन्मभर तिच्यात बसले. तरी पाह्यलं. सारवलेल्या जमिनीवर भर दुपारी ती जांभळी दिसते, वांग्यावानी. तुहं खरं निघालं म्हणून शेफारू नको.

पण चित्र वाळत नाही. काल माशी चिकटली. काढाले गेले त केळीचं पान पुसलं. काऊन वाळत नाही ते लवकर कळव.

तुही आजी

नागपूर, ता. ८ जानेवारी १९३९

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

हे माझं सातवं पत्र. महिनाभर दर रविवारी मी हेच लिहीत बसतो. ऊन दाखवून झालं, तेल कमी करून झालं, रंग खरवडून झाला. आज माझ्या जुन्या मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, जवसाचं तेल इतके दिवस ओलं राहत नाही.

आजी, तू तेल कोणतं घालतेस? खरं सांग.

उत्तराची वाट पाहणारा,
शालिग्राम

पिंपळगाव राजा,
पौष वद्य ११

चि. शालिग्राम यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तेल तिळाचं. जवस ढोराले चाराचं, त्यात अंगण कसं भिजवू? म्हणून देवाच्या दिव्यातलं घातलं. मले काय मालूम, त्यानं रंग वाळत नाही म्हणून. तुळशीराम तेल्यानं ते मार्गशीर्षातच सांगतलं न् पोटभर हसला. पण तवर तुहं दुसरं पाकीट आलं होतं. मी तिळाचंच घालत राह्यले. दर बुधवारी डाकवाला येऊ लागला. खोटं बोलले हे खरं. माफी मागत नाही. तू बी कामाच्या गर्दीचं सांगतलंच होतं.

आता जुनं सारं खरवडलं न् जवसाच्या तेलात नवं काढलं. परवा बोट लावून पाह्यलं, कडेनं वाळाले लागलं. चाफा चाफ्यावानी दिसते. रुख्मिणीनं चाफा ओळखला, म्हणून तिले चहा दिला. पंधरा दिवसांत चित्र तुले पोचंल. मंग तुले विचाराले माह्यापाशी काही राहत नाही.

लोभ असावा असं या खेपी लिहत नाही. असला त बुधवारी दारात कळंल.

तुही आजी मनकर्णा