गोड्या पाण्याची भिंत

अल्लाहचे नाव घेऊन, दार लावून आणि फोन बंद करून लिहिते.

मी, झुलेखा नूरुद्दीन होडेकर, वय सहासष्ट, मूळ राहणार राजिवडा, रत्नागिरी, हल्ली मुक्काम फहाहील, कुवेत, धंदा मासेमारीच्या सामानाचे दुकान, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पण दाखल्याहून मोठा पुरावा हा की आज सकाळीच मी चष्मा न लावता केसाएवढ्या तंगुसाला गरी बांधली. तंगूस म्हणजे नायलॉनची बारीक दोरी आणि गरी म्हणजे गळ. हा कागद कधी पुण्यामुंबईच्या वकिलाच्या हाती पडला तर त्याची पंचाईत नको म्हणून सांगितले. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. नूरुद्दीन हयात होते तेव्हाही नव्हता.

कलम १. हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र. याआधी रागाच्या भरात मी कोणाला काही देईन किंवा काहीच देणार नाही असे बोलले असेन, तर ते सगळे रद्द समजावे.

कलम २. मला दोन मुले. थोरला झैद, तो दुकानात गल्ल्यावर बसतो. धाकटी निदा, ती इथल्याच एका शाळेत गणित शिकवते. या मृत्युपत्राची अंमलबजावणी निदाने करावी. ती रडता रडताही बेरीज चुकत नाही, हे मी तिच्या अब्बांच्या वेळी पाहिले आहे.

कलम ३. मला इथेच, नूरुद्दीन आहेत त्याच कबरस्तानात दफन करावे. राजिवड्याला नेऊ नये. विमानाचा त्रास जिवंतपणी पुरेसा झाला.

कलम ४. आमच्या शरियतीप्रमाणे मला माझ्या मालमत्तेच्या एक तृतीयांश भागाबद्दलच बोलता येते, आणि तेही वारसांना सोडून दुसऱ्या कोणाच्या नावे. बाकीची वाटणी वरूनच ठरलेली आहे, तिथे माझी लुडबूड नाही. तेव्हा राजिवड्याचे घर, बँकेतली शिल्लक आणि दुकानातल्या तीन भिंतींवरचे समुद्राचे सामान झैद आणि निदा यांच्यात कायद्याने जसे जाईल तसे जावे. घराबद्दल एकच विनंती. खाडीकडची खिडकी एसी बसवण्यासाठी बुजवू नये. त्या खिडकीत बसून सासूबाईंनी मला जाळे विणायला शिकवले. मी शिकले, पण मला ते कधी आवडले नाही. जाळ्यात जे येईल ते आपले. गरवताना, म्हणजे गळ टाकताना, मात्र कोणता मासा हवा ते आधी ठरवावे लागते आणि त्याला साजेसे सामान निवडावे लागते. मला निवडायला आवडते. माझा स्वभाव यापलीकडे फारसा काही नाही.

कलम ५. आता चौथी भिंत. हे सगळे लिहिणे तिच्यासाठीच आहे.

नूरुद्दीन कुवेतला आले ते लाँचवर खलाशी म्हणून. पाण्याचा रंग बघून हामूर, म्हणजे इथला तो थोराड समुद्री मासा, कुठे बसला असेल ते सांगायचे. दुकान त्यांनी काढले आणि चालवले मी. सुरुवातीला चारही भिंतींवर समुद्रच होता. जाड रॉड, शिशाची वजने, वीतभर लांबीची खोटी मासळी.

आमचे कुवेती भागीदार बू-फहद तेव्हा भागीदार नव्हते, नुसते गिऱ्हाईक होते. त्यांचे कुटुंब उन्हाळ्यात बोस्नियाला जाऊ लागले. तिथल्या नदीत ट्राउट नावाचा मासा. पहिल्या वर्षी ते सामान घ्यायला माझ्याकडे आले नाहीत. सुलैबियाला माझ्या दिराच्या मुलाच्या, साबीरच्या दुकानात गेले, कारण तिथे चकचकाट जास्त. साबीरने त्यांच्या गळ्यात हामूरची रॉड मारली, वर सुतळीसारखे तंगूस आणि ट्राउटच्या तोंडात मावणार नाही असे आमिष. ही चूक आम्हा खाडीकाठच्या लोकांचीच. आमचा हात समुद्रावर बसलेला. सामान जाड हवे आणि मासा लागला की जोरात हिसका द्यायचा, एवढे आम्हाला पाळण्यात कळते. ट्राउटचे तोंड नाजूक असते. जाड दोरी बघून तो जवळ येत नाही, आणि चुकून आलाच तर हिसक्याने तोंड फाटून निघून जातो.

परत आल्यावर बू-फहद माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसले. इथल्या रिवाजाने मला झैदची आई म्हणत म्हणाले, "उम्म झैद, मछली मेरे को देखता था. देखता था और हँसता था."

मी ती नदी पाहिलेली नव्हती, आजही नाही. मी त्यांना कॉफी दिली आणि विचारत सुटले. पात्र केवढे, पाणी गढूळ की नितळ, तळाशी वाळू की गोटे, तुम्ही काठावर उभे होता की पाण्यात उतरला होता, लोकांच्या हाती लागलेला मासा केवढा. ते कंटाळले, पण मी सोडले नाही. मग दुबईच्या व्यापाऱ्याकडून छडीसारखी हलकी रॉड, मुठीत मावणारे रील, बारीक तंगूस आणि आमिष म्हणून नखाएवढी पितळेची फिरती पाती मागवली. हातात देताना म्हटले, "हिसका द्यायचा नाही. मनगट नुसते उचलायचे." पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी फोटो पाठवला. ठिपक्याठिपक्यांचा मासा आणि त्याच्यामागे हसणारे बू-फहद. त्या वर्षी आमच्या परवान्यावर भागीदार म्हणून त्यांची सही आली, आणि मी एक भिंत रिकामी करून घेतली.

आता एप्रिल लागला की सालमियापासून जहरापर्यंतचे लोक येतात. कोणी तुर्कस्तानला निघालेला, कोणी जॉर्जियाला, कोणी अमेरिकेला शिकायला. ज्या देशात एक नदी नाही तिथे लोक नदीचे सामान माझ्याकडून निवडून नेतात. हे नूरुद्दीन यांनी केलेले नाही आणि साबीरने तर नाहीच. हे मी केले आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. तो मृत्युपत्रात लिहू नये असा कायदा असल्यास मला माहीत नाही.

कलम ६. झैद चांगला मुलगा आहे. त्याला सगळ्या भिंती सारख्या दिसतात, एवढेच. माझ्या माघारी दुकान साबीरला विकून टाकावे असे त्याच्या मनात आहे. हे त्याने मागून नाही, तोंडावर सांगितले, त्याबद्दल त्याचे कौतुक. आमचे बोलणे असे झाले.

"अम्मी, कुवेतात नदी हाय काय?"

"नाय."

"व्हाळ तरी?"

"नाय."

"मग ही भिंत ठेवायची कोणासाठी?"

"पासपोर्टवाल्यांसाठी."

तो हसला, पण त्याचे मत बदलले नाही. साबीरच्या हाती दुकान गेले तर दुसऱ्याच दिवशी त्या भिंतीवर मोबाइलची कव्हरे लटकतील. माझा जीव यातच अडकला आहे. दागिने कोणाला, घर कोणाला, याने माझी झोप जात नाही.

म्हणून गोड्या पाण्याच्या भिंतीवरचा सर्व माल, तिच्यापुढचे काचेचे कपाट आणि दुबईच्या व्यापाऱ्याशी असलेली ओळख, हे सगळे मी झैदची मुलगी मेहविश हिला देते. मेहविश कॅनडात शिकते आणि सध्या सुट्टीसाठी आली आहे. तिचा बाप हयात असताना ती माझी वारस होत नाही, आणि नेमके म्हणूनच तिच्या नावे लिहिता येते. आजीच्या सोयीचा कायदा विरळाच, तेव्हा मी त्याचा फायदा घेते आहे. तृतीयांशात हे बसते की नाही ते निदाने तपासले, बसते. बू-फहद यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "भिंत मेहविश का. खलास." ही भिंत झैदला विकता येणार नाही आणि साबीरला विकत घेता येणार नाही.

साबीरला मी विसरलेले नाही. त्याने बू-फहद यांना दिलेली ती हामूरची रॉड ते माझ्याकडेच टाकून गेले होते. मागच्या खोलीत तिच्यावर मी पडदा लावला आहे. ती साबीरला द्यावी, पडद्यासकट. पडदा तेवढा चांगला आहे.

श्री. गुरुप्रसाद यांना मी काही ठेवलेले नाही. ते नाशिकचे, मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनियर आणि माझे जुने गिऱ्हाईक. या कागदावर ते साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराने काही घेऊ नये असे मीच ठरवले आहे. त्यांच्या पत्नी सुचित्राताई यांनी मला फोन करून आभार मानले. त्यांच्या घरात आणखी रॉड ठेवायला जागा उरलेली नाही.

कलम ७. भिंत सांभाळणाऱ्याने पुढील गोष्टी पाळाव्यात. गिऱ्हाइकाला आधी त्याचे पाणी विचारावे, मग सामान दाखवावे. रॉड आणि रील वेगवेगळे विकू नये. दोन्ही जोडून बोटावर तोलून दाखवावे, रीलपाशी तोल राहिला तर जोडी जमली. ट्राउटसाठी सहा फुटांच्या आसपासची, सहज लवणारी हलकी रॉड. मासा पळू लागला की रीलची कळ थोडी दोरी सोडते, ती घट्ट आवळू नये, नाहीतर बारीक तंगूस तटकन तुटते. बास या माशासाठीही हेच समजावे: हलकी रॉड, बारीक तंगूस. गोड्या पाण्यात जो हलके घेऊन जातो तोच मासा घेऊन येतो. यात कोणी बदल करू नये.

कलम ८. हे कलम बाकीचे सगळे लिहून झाल्यावर, आजच दुपारी लिहिते आहे.

सहीसाठी गुरुप्रसाद येऊन बसले होते. तेवढ्यात दुकानात अमेरिकेला शिकायला निघालेली एक कुवेती मुलगी आली, सोबत तिचे वडील. तिला तिथे बास पकडायचा होता. बास म्हटल्यावर माझा हात आपोआप माझ्या लाडक्या हलक्या रॉडकडे गेला. मेहविश कपाटाला टेकून फोन बघत होती. तिने मान वर करून त्या मुलीला विचारले, "व्हॉट काइंड ऑफ लेक?"

मुलीने फोनवर फोटो दाखवला. तिच्या होणाऱ्या घरामागचे तळे होते. काठापासून पार आतपर्यंत कमळाची पाने, पाणी दिसतच नव्हते.

मेहविशने माझ्या हातातली रॉड घेतली आणि परत हुकावर टांगली. गिऱ्हाइकासमोर. मग वरची ताठ रॉड काढली, तिला मोठे रील लावले आणि तंगूस सोडून पिळाची मजबूत दोरी उचलली.

"मेहविश," मी म्हटले, "बास हाय तो, हामूर नाय."

"दादी, तो पानांखाली असतो. लागला की सीधा पानांत घुसतो. थिन लाइन विल जस्ट स्नॅप. आय लॉस्ट सो मेनी लाइक दॅट." मग जरा हळू आवाजात म्हणाली, "तुम्हीच सांगता ना, पहले पानी पूछो?"

"मग बाहेर कसा काढायचा?"

"हिसका," ती म्हणाली, आणि त्या मुलीला तो देऊन दाखवला. कोपर अंगाशी, खांदा मागे. माझे सासरे होडीत उभे राहून असाच द्यायचे. ही पोरगी राजिवड्याच्या खाडीत कधी गरवायला गेलेली नाही.

मी बाजूला झाले. गिऱ्हाइकासमोर मी आजवर कोणासाठी बाजूला झालेले नाही, नूरुद्दीन यांच्यासाठीसुद्धा नाही. मेहविशने जोडी बांधली, मुलीच्या बोटावर तोलून दाखवली, वडिलांच्या सगळ्या शंकांना अरबीत उत्तरे दिली. माझे काही काम उरले नाही म्हणून मी गुरुप्रसादांना चहा केला. चहा गाळताना माझे डोळे भरून आले. त्यांनी पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले. म्हणून ते साक्षीदार.

गिऱ्हाईक गेल्यावर झैद गल्ल्यावरून म्हणाला, "अम्मी, साबीरभाईला मी नको म्हणून सांगतंय. ही पोरगी कोणाच्या हाताखाली उभी ऱ्हायची नाय." त्याचा आवाज ऐकून मला वाटले, आज याला ती भिंत दिसली.

तेव्हा वरील कलम ७ मी स्वतःच्या हाताने खोडत आहे. मेहविश म्हणाली, "राहू दे ना दादी, आय लाइक द रूल्स." मी ऐकले नाही. ते नियम माझे आहेत, माझ्याबरोबर जातील. खोडलेल्या प्रत्येक ओळीसमोर माझी सही आहे. इतक्या आनंदाने मी कधी कशावर सही केलेली नाही.

कलम ७ ऐवजी असे वाचावे: मेहविश निवडील.

ठिकाण: फहाहील, कुवेत
दिनांक: १७ मे २०२५

लिहून ठेवणार:
(सही) झुलेखा नूरुद्दीन होडेकर

झुलेखाबाईंनी वरील मजकूर आम्हाला मोठ्याने वाचून दाखवला, आमच्यादेखत कलम ७ खोडले आणि आमच्यादेखत सही केली. साक्षीदार:

१. (सही) गुरुप्रसाद वामन देवघरे, मंगाफ
२. (सही) आमिना दाऊद सोलकर, शेजारी, फहाहील