नाताळच्या गाण्यातला उदास सूर

प्रिय आगुस्तीन,

जन्मभर ‘अहो’ म्हटलं, आज नावाने हाक मारते आहे. त्यावरून मी किती चिडून बसले आहे ते ओळखा. पुढच्या रविवारी तुम्हाला जाऊन वर्ष होतं, चर्चमध्ये तुमच्या नावाने प्रार्थनेची मिस्सा आहे, आणि त्याआधी मला तुमच्याकडून एका गोष्टीचा जाब हवा आहे.

झालं असं. चर्चमध्ये तुमच्या जागी ऑर्गनवर आता ग्लेन बसतो, माणिकपूरला शाळेत संगीत शिकवणारा. मिस्साला तुमच्याच वहीतली गाणी घेऊ म्हणाला, म्हणून मी वही काढून दिली. तीच, निळ्या पुठ्ठ्याची, जिला तुम्ही मला कधी हात लावू दिला नाहीत. पानं सुटतील म्हणायचात. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

चार दिवसांनी तो आपल्या वाडीत आला, वही छातीशी धरून. “आंटी, अंकलचे कॉर्ड एकदम हटके आहेत. छापील पुस्तकात इथे मेजर आहे, त्यांनी मायनर केलाय. सेकंडला शुद्ध ध आहे ना, तो खोडून कोमल ध. पेन्सिलने.”

सेकंड म्हणजे आम्हीच, मुख्य चालीखाली दुसरा सूर धरणाऱ्या बाया. सूर जिथे वर चढायला हवा, तिथे तुम्ही आम्हाला अर्धी पायरी खालीच थांबवलंत, एवढं मला कळलं. ती जागा मला पाठ आहे. उपवासकाळात ती आली की पुढच्या बाकांवरच्या बाया डोळे पुसायच्या. मी म्हटलं, दुःखाचं गाणं, केला असेल उदास.

“पण नाताळच्या गाण्यातपण आहे, आंटी. लग्नाच्या गाण्यातपण. असं कोणी करत नाही.”

लग्नाच्या गाण्यात कसलं दुःख हो, आगुस्तीन?

मला रोझी आठवली. सेकंडमध्ये माझ्या डाव्या हाताला उभी राहायची. आपल्या लग्नाआधी तिच्या घरून तुमच्यासाठी विचारणा झाली होती, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत, पण गावात अशी गोष्ट झाकून राहते का? आणि वाजवताना नेमक्या त्या जागेवर तुम्ही मान वळवून आमच्या रांगेकडे बघायचात. मला वाटायचं, माझ्याकडेच बघता. मी आणखी मोठ्याने गायचे.

दोन दिवस मी तुमच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली नाही.

मग वही घेऊन बसले. नशीब, प्रत्येक गाण्यावर तुम्ही वर्ष घातलं आहे. आपल्या लग्नाआधीच्या पानांवर पेन्सिल नाही. लग्नाच्या वर्षापासून सुरू. रोझी तर त्यानंतर दोन वर्षांत कॅनडाला गेली, ती परत आलीच नाही. पेन्सिल मात्र चालूच, तुमच्या शेवटच्या नाताळापर्यंत. मग कोण?

सेकंडमधली सगळ्यात जुनी म्हणजे सेसिलमावशी, म्हणून तिला गाठलं. ती समुद्राकाठच्या गावातून लग्न होऊन इकडे आलेली, अजून तिकडचंच बोलते. ओट्यावर वाल सोलत बसली होती. हा सूर कुणासाठी, म्हणून विचारलं तर हात थांबले.

“जाव दे ना गो. मेलेल्या मानसाचं कशाला काढते?”

“मावशी, रोझीसाठी ना?”

ती हसायलाच लागली. “रोझी कुठली? तू लगीन होऊन आलीस, पैल्या सनाला गायलीस, नि तो सूर तुझा खाली पडला. दरवेळी पडायचा. आगुस्तीन आमाला म्हनाला, तिला काय सांगू नका. ती लावते तसाच तुमी पन लावा, मी खालून वाजवताना तसं जुळवून घेतो.”

घरी येऊन मी पेटी काढली. शुद्ध ध दाबून धरला आणि गायले. पेटी एक म्हणत होती, मी दुसरंच. खरं सांगू? रोझी निघाली असती तर बरं झालं असतं, असं वाटलं. तिच्यावर निदान रागावता आलं असतं.

तीस वर्षं, आगुस्तीन! सगळ्या बायांनी माझी चूक पाठ केली, आणि मी ऐटीत नव्या पोरींना सूर शिकवत राहिले. घरी येताना विचारायचे, आज कसं झालं? तुम्ही म्हणायचात, “तुझ्यामुळे कॉर्ड भरतो.” किती जपून बोललात. खोटं म्हणून पकडताही येत नाही.

आता माझा कशावर विश्वास उरलेला नाही. भाजी खारट झाली की तुम्हाला नेमकं ताक प्यावंसं वाटायचं, ते काय होतं? मी शिवलेल्या करड्या सदऱ्याच्या बाह्या तुम्ही कायम दुमडायचात, उकडतंय म्हणून. डिसेंबरातही उकडायचं का हो?

सांगायला हवं होतंत. मी चिडले असते, आठ दिवस बोलले नसते, पण शिकले असते. तेवढाही भरवसा नव्हता माझा? की मी गाणंच सोडून देईन अशी भीती वाटली? या प्रश्नाला आता उत्तर नाही, आणि रडू मला त्याचंच येतं.

काल ग्लेन म्हणाला, मिस्साला छापील कॉर्डच घेऊ, ते सेफ आहेत. मी नको म्हटलं. शनिवारी प्रॅक्टिसला मी सगळ्यांसमोर उभी राहून सांगणार आहे की हा सूर कुठून आला. हसतील, हसू देत. नव्या पोरी मला फार मानतात, त्यांना तर कळायलाच हवं. पण तुमच्या वहीतलं एक अक्षर मी कुणाला खोडू देणार नाही, हा माझा शब्द.

आणखी एक. गेले आठ दिवस मी रोज पेटीवर बसते आहे. बरोबर सूर आता दहातून सात वेळा लागतो.

रविवारी मी तो लावणार नाही.

तुमच्यावर अजून रागावलेली,
मार्था