लाल वाटी, निळी वाटी

२४ मे, शनिवार

आज स्पृहाने चेंडूला बॅट लावलीच नाही आणि तरी सगळे टाळ्या वाजवायला लागले. मीही वाजवल्या. नात आहे, वाजवायच्याच! पण कशाबद्दल, ते काही कळलं नाही.

मग मालविकेने, म्हणजे सुनेने, सांगितलं की समोरच्या मुलीने चार चेंडू वाईट टाकले म्हणून हिला न मारता पुढच्या कोपऱ्यावर जायला मिळालं. ह्या बेसबॉलमध्ये मैदानाला चार कोपरे. चेंडू मारायचा, धावायचं, एकेक कोपरा गाठायचा. निघालो तिथे परत आलं की एक धाव. त्या जागेला ते घरच म्हणतात. हे मला आवडलं. एवढा आटापिटा कशासाठी, तर घरी यायला.

जर्मन बायका घडीच्या खुर्च्या घेऊन येतात. मी चटई नेली. एकीने केक दिला, कसल्याशा लाल देठांचा. अंबाडीत साखर घातल्यासारखा लागतो. दोन तुकडे खाल्ले. चांगला होता.

लाल टीम हरली. पाचव्यांदा. आपली स्पृहा लालमध्ये.

२६ मे, सोमवार

जेवताना मुलगा हर्ष आणि मालविका वाद घालत होते. भाजी गार झाली. भाजी म्हणजे ते इकडचं पांढरं स्पार्गेल — दिसायला सोललेली शेवग्याची शेंग आणि चव कशाचीच नाही. मी फोडणीला लसूण घातला म्हणून खाल्लं तरी. जाऊ दे, वाद काय होता ते लिहिते.

क्लब एकच, पण मुलांच्या टीम दोन, लाल आणि निळी. निळ्यांत एक योहाना आहे, तेरा वर्षांची, ज्वारीच्या ताटासारखी उंच. मारते तो चेंडू झाडात जातो. ट्रेनर थॉमस म्हणतो, योहाना लालमध्ये येईल, स्पृहा निळ्यांत जाईल. लालची वही हर्ष लिहितो, कोणी किती मारलं ती. म्हणून थॉमसने त्याला आधी विचारलं.

मी म्हटलं, म्हणजे साटंलोटं.

हर्ष हसला. मालविकेला शब्दच माहीत नव्हता. पुण्यात वाढलेली. मी सांगितलं, त्यांची मुलगी आपल्या घरी, आपली मुलगी त्यांच्या घरी. माझं लग्न तसंच झालं. दादाचा पाय जरा अधू, त्याला कोणी मुलगी देईना. ह्यांच्या घरून निरोप आला — आमची वत्सला देतो, तुमची द्या. दिली.

हर्ष म्हणतो, योहाना दहात चार वेळा मारते, स्पृहा दहात दोन. टीमसाठी हे बरोबरच आहे, जा? जर्मनमध्ये ‘हो ना’ला ‘जा’ म्हणतात. स्वतःला पटवत होता. तोंड पडलेलं होतं.

मालविका म्हणाली, “ती न मारता जाते ते तुझ्या आकड्यात कुठे आहे?”

“ती समोरच्याची चूक. हिचं कर्तृत्व नाही.”

ह्यावर मला राहवेना. मी म्हटलं, “मंडईत दहा वांगी उचलून आठ परत ठेवणारी बाई खुळी असते काय रे? वाईट ओळखून सोडायलाही नजर लागते.”

मालविकेने मला तूप वाढलं. दोनदा.

२७ मे

दुपारी वन्संचा विचार करत बसले. त्या माझ्या नणंद आणि दादाची बायको म्हणून वहिनीही. मी वन्संच म्हणत आले. लग्नात सगळे म्हणत, दिली ती सावळी, आणली ती गोरी, पाटलांचा फायदा झाला. पाटील म्हणजे माझे वडील! त्या दिवशी मला काय वाटलं ते आठवत नाही. कोणी विचारलं नव्हतं, म्हणून बोलून ठेवलेलं नाही कुठे.

वाईट झालं असं नाही हो. चांगलंच झालं माझं.

पण स्पृहाला मी देणार नाही.

३१ मे, शनिवार

युक्ती केली. गावाहून आणलेली चिंच परवा साफ केली होती. तिचे चिंचोके धुऊन ठेवलेत, टाकवत नाहीत. दोन स्टीलच्या वाट्या घेतल्या, एकीला लाल दोरा, एकीला निळा. लाल आणि निळे एकाच मैदानावर एकापाठोपाठ खेळतात, त्यामुळे दोघी दिसतात. स्पृहा घरी आली की लाल वाटीत एक. योहाना आली की निळीत एक. मारलं किती ते गेलं चुलीत. घरी आली का, एवढंच बघायचं.

आजचे — लाल तीन, निळी एक!

केकवाली बाई माझ्या शेजारी चटईवरच येऊन बसली. तिला वाटलं खाऊ आहे. एक तोंडात घालणार होती.

३ जून, मंगळवार

आज सरावाहून स्पृहाला आणायला मी गेले, एकटी. आता ट्राम येते मला. चार थांबे, औषधाच्या दुकानापाशी उतरायचं.

येताना तिला म्हटलं, त्या निळ्यांत तुला नाही ना जायचं? कोणी पाठवत नाही तुला, आजी आहे. तर पोरगी बोलायलाच लागली! सगळं जर्मन. माझं मराठी सगळं कळतं तिला, पण बोलते जर्मन. मराठी म्हणजे भूक लागली, पाणी दे, एवढंच. आल्झो, आल्झो करत किती वेळ बोलली. हातांनी काय काय दाखवलं, ओंजळ केली, गुडघे वाकवले, टोपी उलटी घातली. समोरचे म्हातारबुवा ऐकत होते. मला इतकं कौतुक वाटलं. बारा वर्षांची, आणि बोलते कशी, वकिलासारखी!

बोलून झाल्यावर माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, हो हो, बाळा.

मग खिडकीकडे तोंड करून बसली. दमली असेल.

७ जून, शनिवार

लाल आठ, निळी चार. दोन्ही सामने मिळून.

वाट्या हर्षच्या पुढ्यात नेऊन ठेवल्या. त्याने चिंचोके मोजले. आणि म्हणतो कसा —

“आई, स्पृहा घरी येते, कारण तिच्या मागून मारणारी तिला आणते. योहानाने मारून कितीजणींना घरी आणलं, ते मोजलंस का तू?”

नाही मोजलं.

आता काय करायचं? चिंचोका कोणाचा? आली तिचा, की आणली तिचा? आणायला ती नसती तर ही कोपऱ्यावरच राहिली असती. आणि कोपऱ्यावर ही नसती तर ती आणणार कोणाला? डोकं दुखायला लागलं. चौथीपर्यंत शिकले मी, पण हे चौथीचं नाही आणि चौदावीचंही नसावं. हर्ष इंजिनियर, त्यालाही विचारलं. तो म्हणाला, ह्याच्यावर लोक पुस्तकं लिहितात आणि भांडतात.

मालविका म्हणाली, घरात तेच चाललंय.

८ जून

उकल सापडली. चिंचोका फोडायचा! लहानपणी पटाच्या खेळाला फोडायचो तसा. सुपारीचा अडकित्ता आणलाच आहे. अर्धा आली तिला, अर्धा आणली तिला. स्वतःच मारून स्वतःच आली तर दोन्ही अर्धे तिचे.

मालविकेने लालच्या आणि मागून आणलेल्या निळ्यांच्या वहीतून मागचे दोन सामने वाचून दाखवले, कोणी कोणाला आणलं ते, आणि मी फोडत बसले. दोन अर्धे उडून सोफ्याखाली गेले. हर्षने जमिनीवर आडवं पडून काढले. काढताना म्हणाला, मलाही तिला सोडायचं नाहीये गं आई.

मग इतके दिवस आकडे कशाला सांगत होतास, मेल्या!

१० जून

ह्यांचा फोन. विमानाला घाबरतात आणि सांगतात गुडघा दुखतो. म्हशीची चौकशी झाली, वन्संच्या डोळ्यांची झाली. मग विचारलं, आपलं ठरलं तेव्हा तुम्हाला कोणी विचारलं होतं का?

मग म्हणाले, “मला तरी कुठे विचारलं? बैल बघायला नेतो म्हणाले होते.”

त्रेपन्न वर्षांत हे आज कळतंय. हसून हसून पोट दुखलं. बैल!

१४ जून, शनिवार

झालं! अदलाबदल रद्द!

सगळं नीट लिहून ठेवते. सामना संपल्यावर थॉमस हर्षशी बोलायला आला. मी वाट्या घेऊन मध्ये घुसले. मालविका माझं त्याला सांगत होती आणि त्याचं मला. लाल वाटीत सोळा अर्धे, निळीत पंधरा. त्याने वाकून बघितलं, एक अर्धा तळहातावर घेतला, वास घेतला. मी सांगितलं, अर्धा आली तिचा, अर्धा आणली तिचा. वांग्यांचंही सांगितलं. मालविकेने वांगी कशी सांगितली कोणास ठाऊक, पण तो हसला. मग हर्षनेही लॅपटॉप उघडून दाखवलं. गुपचूप बसून त्याने न मारता गेलेलं सगळं मोजलं होतं. चेंडू टाकणारी कोणीही असो, दहातून चार-पाच वेळा स्पृहा कोपऱ्यावर पोचतेच. योहानाच्या जवळपास बरोबरीने.

थॉमस म्हणाला, गेनाऊ, म्हणजे बरोबर, असं असेल तर बदलून टीमला काही मिळत नाही. राहू दे आहे तसं. बोलताना त्याने एकदा स्पृहाकडे बघितलं. ती खाली बसून बुटाची नाडी बांधत होती.

केकवाल्या बाईने माझा हात धरून हलवला. मी पहिल्यांदा आयुष्यात काहीतरी जिंकले असं वाटलं. सामना लाल हरलेच, आठव्यांदा.

घरी येऊन शिरा केला. बेदाणे भरपूर घातले, स्पृहाला आवडतात म्हणून. तिने बेदाणे बाजूला काढून ठेवले.

१५ जून, रविवार

सकाळी स्पृहा माझ्या खोलीत आली. दोन्ही वाट्या मांडीवर घेऊन बसली. मराठीत बोलली. एकेक शब्द शोधून, थांबून थांबून.

निळ्यांत तिला कॅचर व्हायला मिळणार होतं. कॅचर म्हणजे घरापाशी गुडघे वाकवून बसते ती, चेंडू झेलते. लालमध्ये त्या जागी दुसरी आहे. थॉमसला हिनेच विचारलं होतं. बाबा लालची वही लिहितो, त्याला वाईट वाटेल, म्हणून मी विचारलं असं सांगू नकोस म्हणाली होती थॉमसला.

मी म्हटलं, “अगं, मग एका शब्दाने घरात कोणाला सांगायचं नाही का?”

“फक्त तुला सांगितलं होतं, आजी. ट्राममध्ये. तू हो हो म्हणालीस.”

निळी साडी आणलेली नाही मी. मालविकेकडे मागते. आधी हर्षला उठवते.