पहिली लादी पाट्यांना

आई, आज मी फार चिडले आहे आणि हे ऐकवायला मला तूच हवी आहेस. तुला जाऊन इतकी वर्षं झाली. मी गोष्टी लिहिते हे तुला ठाऊकच नव्हतं. अजून न आलेल्या काळाच्या गोष्टी. नव्या गोष्टीत आपल्यासारखंच किनाऱ्यावरचं एक गाव आहे. तिथे पाणी आणि वीज आधी सगळ्यात लहान घराला, मग मोठ्यांना, असा नियम आहे आणि तो चालतो. संपादकांनी गोष्ट परत पाठवली. म्हणे, गाव समुद्रात बुडवा, लगेच छापतो. पण असा नियम लोक मानतील हे पटत नाही. बुडणं पटतं! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पटत कसं नाही? मी पाहिलंय. मी लहान होते तेव्हा तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चाललं होतं, बोईसर स्टेशनात लांबलांबचे कामगार उतरत होते, आणि जो तो आता इथे सोनं पिकणार म्हणून सांगत फिरत होता. आपल्या गावच्या मच्छीमार सोसायटीत बर्फ यायला लागला होता, पण तो सगळा होडीवाल्यांच्या मुंबईला जाणाऱ्या मालाला. पालघरच्या बाजारात डोक्यावरून पाट्या नेणाऱ्या तुम्हा बायकांच्या मासळीला जाडं मीठ, बस. सोसायटीच्या सभेच्या दिवशी तू बाहेर ओट्यावर उभी आहेस आणि तिथूनच ओरडते आहेस, "तारापुरात वीज होईल तवा होईल! आमची मासळी आज कुजते हाय, तिचं काय?" आतून कुणीतरी म्हणतं, "बायांनी सभेत बोलायचं नाय." तू म्हणतेस, "नाय बोलत. उद्या पाट्या पन तुमीच उचला."

दुसऱ्या दिवशी होड्या लागल्या आणि एकाही बाईने पाटीला हात लावला नाही. मासळी धरायची पुरुषांनी, विकायची बायकांनी. आपल्या पुरुषांना धड भावसुद्धा करता येत नसे. बाबा वाळूत मासळीपाशी बसून राहिले, घरी येऊन त्यांनी तुझ्याशी अबोला धरला. संध्याकाळी सोसायटीने ठरवलं, बर्फाची पहिली लादी पाट्यांना. पापलेटाच्या हंगामात मात्र होड्या आधी. ती अट तुला झोंबली, तरी तू मान्य केलीस.

आणि बर्फ मिळाला त्या पहिल्या सकाळी तू कमरेला मिठाची पुरचुंडी खोचलीस. मी विचारलं, "बर्फ मिळालाय ना?" "मिळाला हाय. पन उद्याचं कुनी पायलंय?" पुढे तो नियम कधी मोडला नाही, आणि तुझी पुरचुंडीही कधी सुटली नाही.

आज मी गोष्टीत ते सगळं घातलं: भांडण, अबोला, झोंबलेली अट, आणि वीज आल्यावरही कंदिलात तेल भरून ठेवणारी एक म्हातारी. आता संपादकांना पटेल. त्याचाच तर राग येतो. जिंकलेल्या बाईवर यांचा विश्वास नाही, तिने सोबत ठेवलेल्या भीतीवर आहे.

हा कागद मी गोष्टीसोबत पाठवणार नाही, इथेच ठेवणार आहे. फक्त एक सांगते. त्या सकाळी तुझ्यामागून बाजाराला चालताना माझ्याही परकराच्या ओच्यात, तुझ्या नकळत घेतलेलं मूठभर मीठ होतं.